वनस्पतीच्या अर्कातून बनवलेले नॅनोकण खरोखर पर्यावरणपूरक असतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थ्याला पदव्युत्तर प्रकल्पासाठी पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांशांत मोजायचे अतिसूक्ष्म कण) बनवायचे आहेत. ही पद्धत पर्यावरणपूरक आहे हे कशावरून ठरवणार, असे मार्गदर्शकांनी विचारले आहे. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न आहे: नॅनोपदार्थ बनवताना आणि वापरताना पर्यावरणाची काळजी घ्यायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

मार्गदर्शकांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. अर्क वापरला एवढ्यावरून पद्धत हरित ठरत नाही. चांदीच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) धातूत क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन रूपांतर, कशाने केले, हा पर्यावरणाच्या हिशेबातला बहुतेक वेळा सर्वांत लहान आकडा असतो. मोठे आकडे वेगळीकडे असतात. धातू खाणीतून येताना काय खर्ची पडले, द्रावण किती पातळ होते, कण धुवायला आणि सुकवायला काय लागले, आणि वापर संपल्यावर तो कण गेला कुठे, हे बघावे लागते. या चार गोष्टींबद्दल काहीच न बोलणारा शोधनिबंध शीर्षकात ‘हरित’ म्हणत असेल, तर तो दावा अजून सिद्ध झालेला नाही असे मी धरतो.

हिशेब मांडायचा तर आधी माप हवे. पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. ती दिशा दाखवतात, पण आकडा देत नाहीत. आकड्यासाठी रॉजर शेल्डन यांचा १९९२ मधला ई-फॅक्टर उपयोगी पडतो: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा झाला? मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या सामान्य रसायनांसाठी तो साधारण १ ते ५ असतो, औषधनिर्मितीत २५ ते १०० आणि कधी त्याहून जास्त. नॅनोपदार्थांच्या प्रयोगशाळेतल्या कृतींना हे माप लावले की आकडे शेकड्यांत, अनेकदा हजारांत जातात. शेल्डन यांच्या मूळ मांडणीत पाणी धरत नाहीत. नॅनोकणांच्या बाबतीत मात्र ते वेगळे का होईना, पण मोजावेच असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढच्या गणितात दिसेल.

नेहमीची कृती घेऊ. १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटचे नऊ भाग, अर्काचा एक भाग, आणि मिश्रण ६०–७० अंशांवर ठेवायचे. १ मिलीमोलर म्हणजे लिटरला १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, आणि त्यातली चांदी १०८ मिलिग्रॅम. प्रत्येक आयनाचे धातूत रूपांतर झाले असे मानले तरी १ ग्रॅम चांदीसाठी सव्वानऊ लिटर द्रावण लागते. अर्क धरला तर सव्वादहा लिटर. अर्कासाठी १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पाने उकळली असतील, तर ग्रॅमभर चांदीमागे शंभर ग्रॅम पाने गेली. आता हेच काम सोडियम बोरोहायड्राइड या रूढ रासायनिक क्षपणकारकाने केले असते आणि ते चांदीच्या दुप्पट मोल घेतले असते, तर लागले असते ०.७ ग्रॅम. बोरोहायड्राइड निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. ते विषारी आहे, पाण्यात हायड्रोजन सोडते, आणि ते बनवायला सोडियम धातू लागतो, जो स्वतःच भरपूर वीज खातो. पण ०.७ ग्रॅम वाचवल्याचा आनंद मानताना दहा लिटर पाणी तापवले, गाळले आणि सुकवले, हे विसरून चालणार नाही.

सुकवण्याचा आकडा तर फारच बोलका आहे. बर्फाची थेट वाफ करायला किलोमागे सुमारे २.८ मेगाज्यूल लागतात. सव्वादहा लिटर द्रावण फ्रीझ-ड्रायरमध्ये (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात) घातले तर केवळ सैद्धांतिक किमान ऊर्जा २९ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ८ युनिट वीज. प्रत्यक्ष यंत्र त्याच्या कित्येक पट घेते. तेच द्रावण ६५ अंशांपर्यंत तापवायला अर्धा युनिटही लागत नाही. त्यामुळे तापमान दहा अंशांनी कमी करण्यात महिना घालवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: पावडर खरोखर हवी आहे का? बहुतेक प्रयोगांना कोलॉइडच, म्हणजे द्रवात तरंगते कण, चालते. नॅनोकण सुकवून पुन्हा पाण्यात मिसळले की त्यांचे गठ्ठे होतात, म्हणजे ऊर्जाही गेली आणि मालही बिघडला.

सांद्रता वाढवणे हा सर्वांत स्वस्त सुधार आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. १ मिलीमोलरऐवजी २० मिलीमोलरवर स्थिर कोलॉइड मिळाले, तर पाणी, तापवणे आणि गाळणे एका फटक्यात विसाव्या भागावर येते. अवघड एवढेच की दाट द्रावणात कण एकमेकांना चिकटतात, म्हणून संरक्षक थर चांगला लागतो. स्टार्च, डेक्स्ट्रिन, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, हे सगळे या कामाचे आहेत. मॅथ्यू कॅरी ली यांनी १८८९ मध्येच फेरस सायट्रेटच्या साह्याने चांदीची दाट कोलॉइडे बनवली होती.

आता धातूकडे. जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे खाणीपासून कचऱ्यापर्यंतचा सगळा हिशेब, या क्षेत्रात उशिरा आले, पण आले तेव्हा त्याने बऱ्याच समजुती हलवल्या. व्हर्जिनिया टेकमधल्या गटाने २०१४ मध्ये सोन्याच्या नॅनोकणांच्या रूढ आणि ‘हरित’ कृतींची तुलना केली. सोन्याचे क्षार बनवण्यात गेलेली ऊर्जाच इतर सगळ्यांवर भारी पडत होती, आणि अर्क वापरणाऱ्या कृती आपोआप वरचढ ठरत नव्हत्या. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये चांदीबद्दल असाच अभ्यास केला. तिथेही परिणामांच्या जवळपास प्रत्येक प्रकारात मोठा वाटा चांदीच्या मूळ उत्पादनाचा निघाला. यातून जो निष्कर्ष निघतो तो प्रयोगशाळेत रोज वापरता येतो: ज्या कृतीत निम्मी चांदी न बदलता सांडपाण्यात जाते, ती कृती कितीही सौम्य असली तरी धातूच्या बाबतीत दुप्पट महाग आहे. म्हणून रूपांतराची टक्केवारी हा हरितपणाचा पहिला आकडा. अर्कावरच्या बहुतेक निबंधांत तोच दिलेला नसतो.

तो न देण्याचे एक कारण असे की द्रावण तपकिरी झाले आणि ४२०–४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचा उंचवटा दिसला की काम झाले असे मानले जाते. हा उंचवटा चांदीचे कण आहेत एवढेच सांगतो, किती आहेत ते नीट सांगत नाही. शिवाय पानांच्या अर्कात क्लोराइड असते. सिल्व्हर नायट्रेटला क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइड तयार होणारच, आणि तेही नॅनो आकाराचे असू शकते. क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) चांदीची ठळक रेघ ३८.१ अंशांवर येते. ३२.२ अंशांवर दुसरी ठळक रेघ दिसली तर ती बहुधा सिल्व्हर क्लोराइडची असते. अशा रेघेवर ‘अर्कातील सेंद्रिय घटकांचे स्फटिक’ असे लेबल लावून पुढे गेलेले आलेख मी वारंवार पाहतो. हे सोडून देऊ नका. सिल्व्हर क्लोराइडची विद्राव्यता वेगळी, जंतुनाशक वागणूक वेगळी, आणि प्रकाशात त्याचे काय होते तेही वेगळे.

याचा अर्थ जैविक मार्ग टाकाऊ आहे असा मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत बुरशी, जिरॅनियमची पाने, कडुनिंब आणि गवती चहा यांच्यावर जे काम केले, ते मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. गवती चहाच्या अर्कातून २००४ मध्ये त्यांनी सोन्याचे त्रिकोणी, सपाट नॅनोप्रिझम मिळवले. अर्कातले रेणू कणाचा आकार कसा घडवतात हे त्यातून कळले, आणि ते खरे विज्ञान होते. त्यानंतर मात्र वनस्पती बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे, अशा निबंधांची रीघ लागली. अमुक झाडाचे पान क्षपण करते ही आता बातमी राहिलेली नाही. पॉलिफेनॉल आणि साखरा असलेला जवळपास कोणताही अर्क ते करतो.

अर्काची खरी अडचण म्हणजे त्यात काय आहे ते दर वेळी बदलते. ऋतू, माती, पानाचे वय, वाळवण्याची पद्धत, सगळ्याने घटकांचे प्रमाण हलते. एका खेपेला २० नॅनोमीटरचे कण आले, पुढच्या खेपेला ६० चे आले, तर निम्मा माल फेकावा लागतो. फेकलेल्या मालाइतके पर्यावरणाला महाग काही नसते. मला निवड करायची असेल तर मी माहितीचा, शुद्ध, नैसर्गिक रेणू घेईन: ग्लुकोज, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, टॅनिक आम्ल, सायट्रेट. २००३ मध्ये रवींद्रन, फू आणि वॉलन यांनी ग्लुकोज क्षपणकारक, स्टार्च संरक्षक आणि पाणी विद्रावक अशी चांदीची कृती दिली. तिच्यात काय किती पडते ते मोलपर्यंत माहीत असते आणि ती पुन्हा करता येते. अर्कच हवा असेल तर फेकल्या जाणाऱ्या मालाचा घ्या, म्हणजे फळांच्या रसाचा चोथा, वापरलेली चहापत्ती असे काही. त्यासाठी वेगळी पाने तोडावी लागू नयेत, आणि प्रत्येक खेपेच्या अर्कातले एकूण फेनॉल व क्लोराइड मोजलेले असावे.

गंमत अशी की सोन्याची रूढ कृती मुळातच बरीच सौम्य आहे. टर्केविच यांची १९५१ ची पद्धत म्हणजे उकळत्या पाण्यात सोन्याचा क्षार आणि सोडियम सायट्रेट. त्यात विषारी असे फारसे काही नाही. बिघडले ते पुढे, जेव्हा सेंद्रिय विद्रावकात विरघळणारे छोटे कण हवे झाले. १९९४ ची ब्रुस्ट–शिफ्रिन पद्धत टोल्युइन, चतुर्थक अमोनियम क्षार आणि थायॉल वापरते. तिचे कण उत्तम असतात, पण ते स्वच्छ करायला पुन्हापुन्हा विद्रावकांनी धुवावे लागते. विद्रावकाचा मोठा हिस्सा प्रक्रियेत नाही, या धुण्यात जातो. ओरेगन विद्यापीठातले जेम्स हचिसन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की पाण्यात विरघळणारे सोन्याचे कण पटलातून डायफिल्ट्रेशन करून, म्हणजे पाणी घालत गाळत राहून, स्वच्छ करता येतात आणि आकारानुसार वेगळेही करता येतात. विद्रावक जवळपास लागतच नाही.

शुद्धीकरणावर मी इतका थांबतो याचे आणखी एक कारण आहे. कमी शुद्धीकरण करून ‘हरित’ म्हणवणे सोपे असते. कार्बन डॉट्सचे, म्हणजे प्रकाश देणाऱ्या कार्बनच्या नॅनोकणांचे, उदाहरण घ्या. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन पाण्यात मिसळून बंद भांड्यात तापवले की झगझगीत निळा प्रकाश देणारे द्रावण मिळते. २०१३ मध्ये त्याची प्रकाशक्षमता (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत सोडले) ८० टक्क्यांपर्यंत नोंदवली गेली. मग लक्षात आले की त्या प्रकाशाचा मोठा वाटा कणांचा नसून सोबत तयार झालेल्या लहान प्रदीप्त रेणूंचा आहे. नीट डायलिसिस केले, म्हणजे पटलातून लहान रेणू पाण्यात निघून जाऊ दिले, की कणांची चमक बरीच उतरते. फळांचे रस, साली, पाने तापवून बनवलेल्या डॉट्सबाबत तर आत नेमके काय आहे हे सांगणे आणखी अवघड. आपण पर्यावरणपूरक पद्धतीने काय बनवले हेच माहीत नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो. आणि डायलिसिसचे पाणीही मोजा. थोड्याशा नमुन्यासाठी दोन-दोन लिटर पाणी अनेकदा बदलले जाते.

चांदी-सोन्याच्या पलीकडे गेले की चित्र बदलते, कारण तिथे तापमान आणि कच्चा माल हेच मोठे खर्च असतात. क्वांटम डॉट्सचा, म्हणजे आकारानुसार वेगळ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणांचा, इतिहास शिकण्यासारखा आहे. मरे, नॉरिस आणि बावेंडी यांच्या १९९३ च्या कृतीत हवेत पेट घेणारे, अत्यंत विषारी डायमिथाइल कॅडमियम सुमारे ३०० अंशांच्या द्रावणात टोचावे लागे. २००१ मध्ये त्याच्या जागी साधा कॅडमियम ऑक्साइड वापरता येतो असे दिसले आणि काम पुष्कळ सुरक्षित झाले. कॅडमियम मात्र राहिलाच. युरोपच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या नियमात त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. म्हणून उद्योग इंडियम फॉस्फाइडकडे वळला. पण इंडियम फॉस्फाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलेले आहे, आणि इंडियम हा काही मुबलक धातू नव्हे. एक वाईट मूलद्रव्य काढून दुसरे घातले की प्रश्न सुटला असे होत नाही. बंद कवच, कमी मात्रा आणि वस्तू परत गोळा करण्याची सोय, या तिन्ही गोष्टी लागतात.

कार्बन नॅनोनळ्यांत (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांत) काही उत्तम कामे झाली आहेत. एथिलीन तापवून नळ्या वाढवताना नको असलेले वायू, त्यांत बेंझीन आणि ब्युटाडाईनसुद्धा, मोठ्या प्रमाणात सुटतात. डेझिरे प्लाटा यांनी हे वायू एकेक करून ओळखले आणि नळीच्या वाढीला त्यातले नेमके कोणते लागतात ते शोधले. थोडासा अल्काइन (तिहेरी बंध असलेला हायड्रोकार्बन) थेट दिला तर वायू आधी तापवायची गरजच उरत नाही, ऊर्जा वाचते आणि उत्सर्जन कित्येक पटींनी घटते. मला हा या क्षेत्रातला आदर्श वाटतो: आधी यंत्रणा समजून घेतली, मग नको ते काढून टाकले. ग्राफीन ऑक्साइडच्या (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांच्या) १९५८ च्या हमर्स पद्धतीतून सोडियम नायट्रेट वगळल्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड थांबले, पुढच्या क्षपणात विषारी हायड्राझीनऐवजी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आले, हेही चांगलेच. तिथे खरा बोजा मात्र धुण्यातल्या आम्लयुक्त पाण्याचा आहे आणि तो अजून तसाच आहे.

नॅनोसेल्युलोज, म्हणजे लगद्यातल्या तंतूंचे अतिसूक्ष्म धागे, तर झाडापासूनच येते, म्हणून ते आपोआप निर्मळ असेल असे वाटते. १९८० च्या दशकात लगदा उच्च दाबाने होमोजिनायझरमधून पुन्हापुन्हा ढकलून ते बनवत, तेव्हा किलोमागे २५–३० युनिट वीज लागे. एवढ्या विजेपायी ते बराच काळ कोपऱ्यात पडून राहिले. नंतर तंतू आधी विकराने (एन्झाइमने) सैल करणे किंवा त्यांच्यावर रासायनिक विद्युतभार बसवणे सुरू झाले आणि आकडा १–२ युनिटांच्या आसपास आला. एकच पदार्थ, एकच कच्चा माल, आणि ऊर्जेत दहापटीहून जास्त फरक.

मायक्रोवेव्ह आणि आयनिक द्रव (कमी तापमानालाही द्रव राहणारे क्षार) यांबद्दल थोडक्यात. मायक्रोवेव्हने वेळ नक्की वाचतो. वीज वाचते की नाही ते भिंतीवरच्या मीटरवर बघून ठरवा, यंत्राच्या पडद्यावर नाही. आयनिक द्रव उडून जात नाहीत म्हणून त्यांना हरित म्हटले गेले, पण त्यातले अनेक जलचरांना विषारी आहेत आणि ते बनवण्याचाच खर्च मोठा असतो. सतत वाहत्या नळीतली प्रक्रिया मला या सर्वांपेक्षा भरवशाची वाटते, कारण तिच्यात खेप बिघडण्याचे प्रमाण कमी होते.

आता वापराकडे येतो, कारण इथेच बहुतेक चर्चा अर्धवट सुटते. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले चांदीयुक्त मोजे पाण्यात धुऊन बघितले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली, काहींतली फारशी हललीच नाही. ही चांदी सांडपाण्यात जाते, तिथे गंधकाशी संयोग होऊन बहुतांश सिल्व्हर सल्फाइड बनते आणि गाळात बसते. सल्फाइड फार कमी विरघळते, म्हणून धोका बराच उतरतो. पण खाणीतून एवढ्या खर्चाने आणलेला धातू थोड्या धुण्यांत गाळात गेला, याला पर्यावरणपूरक वापर कसे म्हणावे? मोजा बनवताना चांदी अर्काने बनवली होती की बोरोहायड्राइडने, याने इथे काहीही फरक पडत नाही.

चांदी जंतू मारते कशी, हे नीट कळले की रचना बदलते. राइस विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये ऑक्सिजन पूर्ण वगळून प्रयोग केला. चांदीचे ऑक्सिडीकरण होऊ दिले नाही तेव्हा कणांनी जीवाणूंना जवळपास काहीच केले नाही. म्हणजे मारतो तो आयन, आणि कण हा आयनाचा साठा आहे. मग साठा घट्ट बांधून ठेवावा आणि आयन मोजून सोडावा, हे ओघानेच आले. आयआयटी मद्रासमधल्या टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये पाणी शुद्ध करण्यासाठी असेच केले. अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) यांच्या दाणेदार मिश्रणात चांदीचे कण अडकवले. हे मिश्रण पाण्यातच, खोलीच्या तापमानाला तयार होते, आणि त्यातून साधारण ४० पीपीबी (अब्ज भागांत ४० भाग) चांदी दीर्घकाळ एकसारखी सुटते. पिण्याच्या पाण्यासाठी सामान्यतः मानल्या जाणाऱ्या १०० पीपीबीच्या ती आत राहते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये आणखी वेगळा रस्ता धरला: धातूचा गाभाच काढून टाकला. लिग्निनच्या (लाकडातल्या एका नैसर्गिक घटकाच्या) नॅनोकणात चांदीचे आयन भरले आणि वर जीवाणूंच्या पृष्ठभागाला चिकटणारा थर दिला. काम झाले की आयन संपतात आणि मागे लिग्निन उरते. हरित नॅनोपदार्थाचे उदाहरण कुणी विचारले तर मी हे देतो, कारण इथे वापरानंतरचा कण कसा असेल याचा विचार कृतीच्या पहिल्या ओळीत केलेला आहे.

जिथे कण बाहेर पडणे हाच वापराचा भाग आहे, तिथे जास्त कठोर व्हावे लागते. दूषित भूजलात प्रदूषक नष्ट करायला शून्य-संयुजी, म्हणजे धातुरूप, लोखंडाचे नॅनोकण सोडतात. लोखंड तसे निरुपद्रवी, पण ते प्रदूषकाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून संपते आणि जमिनीत टोचलेल्या जागेपासून काही मीटरपलीकडे फारसे जात नाही. पृष्ठभागावर गंधकाचा थर दिला की इलेक्ट्रॉन पाण्यावर वाया जाणे घटते आणि तेवढ्याच कामाला कमी लोखंड पुरते. चहाच्या अर्काने बनवलेल्या लोखंडी कणांचे निबंध पुष्कळ आहेत. त्यातले किती लोखंड खरोखर शून्य-संयुजी आहे आणि किती लोह–टॅनिन संयुग आहे, हे तपासल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

‘निसर्गातून बनवलेले म्हणून सुरक्षित’ हा दावा तर कृपया लिहूच नका. विषारीपणा मात्रा, आकार, विद्राव्यता आणि पृष्ठभाग यांवर ठरतो. लांब आणि ताठ कार्बन नळ्या उंदरांत अ‍ॅस्बेस्टॉससारखी दाहक प्रतिक्रिया घडवतात आणि आखूड, गुंतलेल्या नळ्या तशी घडवत नाहीत, हे २००८ मध्ये दिसले. रसायन एकच, आकार वेगळा. एका विशिष्ट प्रकारच्या बहुभिंती नळ्यांना २०१४ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले गेले, पण सर्व नळ्यांना नाही. अन्नातला टायटॅनियम डायऑक्साइड, ई १७१, दशकानुदशके बिनधोक मानला गेला आणि युरोपने २०२२ मध्ये तो बंद केला. आणि सर्वांत आधी धोका पोहोचतो तो पावडर हाताळणाऱ्याला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, हवेतल्या कार्बन नॅनोनळ्यांसाठी घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आणि नॅनोचांदीसाठी ०.९ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली आहे. इतक्या कमी मर्यादेत राहायचे तर कण ओले ठेवणे हा सोपा उपाय आहे. सुकवणे टाळा असे वर ऊर्जेसाठी म्हटले होते, ते फुप्फुसांसाठीही तितकेच खरे आहे.

तुमच्या प्रकल्पात काय करावे? अर्काची कृती करा, पण एकटी नको. तिच्याशेजारी ग्लुकोज–स्टार्चची आणि बोरोहायड्राइड–सायट्रेटची अशा आणखी दोन कृती त्याच आकाराचे कण मिळतील अशा बेताने चालवा. तिन्हींत पटलातून गाळलेल्या द्रवातली उरलेली चांदी मोजा आणि त्यावरून रूपांतर काढा. मिनरल विरहित पाणीच वापरा, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते. नुसता अर्क तापवून त्याचा वर्णपट घ्या, आणि एक नमुना अंधारात ठेवा, कारण प्रकाशही चांदीचे क्षपण करतो आणि त्याचे श्रेय अर्काला जाते. हॉटप्लेट, सेंट्रिफ्यूज आणि ड्रायर यांना वीजमीटर लावा. प्रत्येक कृतीत ग्रॅमभर चांदीमागे किती पाणी, किती वीज, किती कचरा, हे एका तक्त्यात मांडा. मग कणांची तुलना वजनावर न करता कामावर करा: ठरावीक जीवाणू थोपवायला कोणत्या कृतीची किती चांदी लागली? कदाचित अर्काची कृती जिंकेल. अर्कातल्या रेणूंच्या थरामुळे कण अधिक काळ टिकत असतील तर ते या तक्त्यात दिसेल, आणि तो तुमचा खरा निष्कर्ष ठरेल. ती हरली तरी प्रबंध कमकुवत होत नाही. असा प्रामाणिक तुलनात्मक तक्ता या विषयात दुर्मीळ आहे.

शेवटी कचऱ्याबद्दल, कारण तो परीक्षेत कुणी विचारत नाही. चांदीचे एकही द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. कणांचा कचरा विरल नायट्रिक आम्लाने विरघळवून त्यात मीठ घातले की सिल्व्हर क्लोराइड खाली बसते. तो साका धुऊन सोडियम हायड्रॉक्साइड आणि ग्लुकोजने क्षपण केले की धातू परत मिळतो. एक धोका मात्र पक्का लक्षात ठेवा. ग्लुकोजच्या काही कृतींत अमोनिया वापरतात. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण बाटलीत भरून ठेवायचे नसते. उभे राहिले की त्यात सिल्व्हर नायट्राइड तयार होऊ शकते आणि नुसत्या हलवण्यानेही त्याचा स्फोट होतो. लागेल तेवढेच, वापरायच्या वेळी बनवा, आणि काम संपताच उरलेले विरल आम्लाने आम्लधर्मी करून त्याच दिवशी क्लोराइडच्या रूपात बसवून टाका.